वाकडी वडी

"हाताने केलेला साबण आहे ना? मग वड्या वाकड्याच असणार. तीच तर मजा आहे यार!"

हे वाक्य माझ्या ऑफिसातल्या एका मित्राचं. मावशीनं केलेल्या साबणाच्या चार वड्या मी त्याला नेऊन दिल्या होत्या. एक वडी वरून जाड आणि खालून पातळ, दुसरीचा कोपरा उडालेला, तिसरी बर्फीसारखी, चौथी विटेसारखी. त्यानं त्यांचा फोटो काढला, कौतुक केलं, वर हे वाक्य बोलला. मनापासूनच बोलला, त्यात खोट नव्हती. पण मला ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं. संध्याकाळी ठाण्याला कर्जत लोकल पकडली, कल्याणपर्यंत उभा होतो, तरी डोक्यात तेच.

कारण मावशीला त्या वड्या वाकड्या करायच्याच नव्हत्या हो! तिला त्या सरळ हव्या होत्या, जमत नव्हत्या.

आता जरा मागून सांगतो. माझं घर कर्जतला. मावशी राहते खालापूर तालुक्यात, चौकच्या अलीकडे एका गावात, इर्शाळगड समोर दिसतो अशा ठिकाणी. तिचा सात बायकांचा बचत गट आहे. पापड, लोणची, मसाला करून झाले, आणि प्रत्येक गट तेच करतो म्हटल्यावर ह्यांनी साबण करायचं मनावर घेतलं. कुठल्याशा प्रशिक्षणात दोन दिवस शिकल्या आणि घरी येऊन चालू. सध्या साबण घरात वापरतात आणि नात्यागोत्यात वाटतात. विकायचा म्हणजे परवाना लागतो. ही गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसते (मलाही नव्हती), म्हणून सांगतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात साबण सौंदर्यप्रसाधनांतून वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीनं ती सूट गेली. आता २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत, आणि अंगाचा साबण तयार करून विकायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना हवा. मावशीच्या गटाची कागदपत्रं जमवणं चालू आहे. परवाना मिळाला की वेष्टन येणार, वेष्टनावर वजन छापावं लागणार, आणि खरी गोम तिथेच आहे.

कृती सोपी आहे. साडेचारशे ग्रॅम खोबरेल, चारशे ग्रॅम तिळाचं तेल, पन्नास ग्रॅम एरंडेल, १३५ ग्रॅम कॉस्टिक सोडा, २७० ग्रॅम पाणी. प्रत्येक तेलाला लागणारं कॉस्टिक वेगळं असतं. खोबरेलाला किलोमागे १८० ग्रॅमच्या आसपास, तर तिळाच्या तेलाला १३५ च्या आसपास. त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही, काट्यावरच मोजायचं. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही (उसळून तोंडावर येतं), हातमोजे आणि चष्मा लावायचा. ह्या सगळ्या गोष्टी मावशी काटेकोर पाळते. मग लाकडी साच्यात बटर पेपर घालून ओतायचं आणि गोधडीत गुंडाळून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी २५ सेंटिमीटर लांब, ८ रुंद आणि साडेसहा उंच अशी साबणाची लादी निघते. वजन तेराशे ग्रॅमच्या आसपास. तिचे दहा तुकडे करायचे, चार ते सहा आठवडे हवेवर सुकवायचे. पाणी उडून लादीमागे दीडशे ग्रॅम वजन कमी होतं. म्हणजे सुकलेली वडी सरासरी ११५ ग्रॅमची.

सरासरी! इंजिनियर माणूस ह्या शब्दाला फसतो. एका रविवारी मी मावशीकडचे सुकलेले दहा तुकडे एकेक करून काट्यावर ठेवले. सगळ्यात हलका ९२ ग्रॅम, सगळ्यात जड १३८. आता वेष्टनावर काय छापणार? कमी भरलेली एकही वडी गिऱ्हाइकाच्या हातात जाता कामा नये, म्हणजे ९० छापायला लागणार. मग सरासरीनं प्रत्येक वडीमागे २५ ग्रॅम साबण फुकट. दहा वड्यांचे झाले अडीचशे ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पावणेतीन वड्या प्रत्येक लादीमागे दान! खोबरेलाचे भाव तुम्हाला ठाऊक आहेत. सात बायका आपल्या पदरचं तेल घालतात, आणि वाकड्या सुरीमुळे लादीचा पाचवा हिस्सा फुकट जाणार. माझ्या मित्राला ज्यात मजा वाटली त्याची ही किंमत.

म्हणून म्हटलं, आपण तारेची कातर करू.

सुरीनं साबण सरळ का कापला जात नाही, ह्याचं कारण सुरीच्या धारेत नाही, तिच्या अंगात आहे. सुरी म्हणजे पाचर. धार पुढे जाते तसं मागचं जाड पातं दोन्ही बाजूंना साबण ढकलत जातं. साबण मऊ असेल तर पात्याला चिकटून ओढला जातो, कडक असेल तर तडकतो. खोबरेल जास्त असलेली लादी तर एक दिवस उशीर केलात की कोपरेच उडवते. शिवाय हात वरून खाली येताना मनगट नकळत आत वळतं, त्यामुळे वरून जाड आणि खालून पातळ. तारेला मुळात अंगच नसतं. ०.४ मिलिमीटरची तार साबणात तेवढीच जागा करते आणि पुढे जाते.

ही काही माझी अक्कल नाही. कुंभार चाकावरचं मडकं दोऱ्यानंच सोडवतो. वायरकट विटा नावातच सगळं सांगतात. जुन्या साबण कारखान्यांतही मोठमोठ्या लाद्या तारेनंच कापत. आणि गंमत म्हणजे, तुम्ही हे ज्या यंत्रावर वाचताय त्यातली चिपसुद्धा तारेनं कापलेल्या चकतीवर घडलेली असते. सिलिकॉनची जाड कांडी घेतात आणि शेजारी शेजारी ताणलेल्या शेकडो तारांनी तिच्या एका दमात पातळ चकत्या पाडतात. हे मी वाचलं आणि तिथेच माझं डोकं फिरलं. शेकडो नाही तर नऊ तारा तरी! एका दाबात दहा वड्या!

दोन रात्री जागून कॅडवर चित्र काढलं. (डिग्री आपली कॉम्प्युटरची, पण पहिल्या वर्षी वर्कशॉप सगळ्यांनाच असतं. त्यात केलेला लाकडी सांधा मी पैसे देऊन शेजारच्या मुलाकडून पूर्ण करून घेतला होता, हे आज कबूल करतो.) अॅल्युमिनियमच्या चॅनलची चौकट, थ्रीडी प्रिंट केलेल्या खुंट्या, नऊ तारा, बिजागरी, वर दांडा. तारेसाठी आधी बांधकामाची बायंडिंग वायर घेतली. ती मऊ लोखंडाची, ताण दिला की लांबतच जाते. मग तंगूस लावून बघितली, उल्हास नदीवर गळ टाकायला लावतात तीच. ती रबरासारखी ताणते आणि कापताना लाटा काढते. शेवटी वाद्यांच्या दुकानातून गिटारच्या पोलादी तारा आणल्या.

तारा बसवल्या आणि खरी शाळा सुरू झाली. पहिली तार घट्ट केली, दुसरी केली, तिसरी केली... नववी घट्ट केली आणि बघतो तर पहिली ढिली! पुन्हा पहिली घट्ट केली तर पाचवी ढिली. तास गेला. शेवटी आमच्या आळीतले भजनी मंडळातले काका आले. पेटी वाजवतात. त्यांनी एकेका तारेला टिचकी मारली आणि म्हणाले, "अरे, तुझी चौकटच वाकतेय. ही ओढलीस की ती उतरते. तंबोऱ्याचं पण असंच होतं. थोडं थोडं करून सगळ्या सोबत चढव." मग त्यांनी कानानं नऊच्या नऊ तारा एका सुरात लावून दिल्या. सारख्या लांबीच्या आणि सारख्या जाडीच्या तारा एका सुरात वाजल्या म्हणजे त्यांचा ताण सारखा. भौतिकशास्त्राचं हे सूत्र मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले होते, वापरलं मात्र आयुष्यात पहिल्यांदा. तेही दुसऱ्याच्या कानानं.

ताणाबद्दल अजून एक गैरसमज माझा मोडला. कापताना तारेला मध्ये पोट येतं, ते बघून मला वाटायचं की म्हणूनच वडी वाकडी होते. तसं नाही. ते पोट कापण्याच्याच दिशेला येतं, त्यानं कापाचा सरळपणा बिघडत नाही. तारेचा मधला भाग जरा उशिरा बाहेर पडतो एवढंच. वाकडेपणा येतो तो तार बाजूला भटकल्यामुळे. साबणात एखादा भाग कडक लागला की ढिली तार त्याला वळसा घालून मऊ भागातून वाट काढते (अगदी आपल्यासारखी). ताण दुप्पट केला की हे भटकणं निम्म्यावर येतं. म्हणून तार चांगली टणटण वाजली पाहिजे.

तर असं हे नऊ तारांचं यंत्र बाइकच्या मागे बांधून मी कर्जत-चौक रस्त्यानं मावशीकडे घेऊन गेलो. सातही बायका जमल्या होत्या. मी ऑफिसात डेमो देतो तसा डेमो दिला. लादी ठेवली, दांडा दाबला आणि... तारा एक सेंटिमीटर आत गेल्या आणि थांबल्या. एका तारेला दोन किलोचा जोर लागतो, मग नऊ तारांना अठरा. हे गणित मी कागदावर का केलं नव्हतं, देव जाणे. उभं राहून सगळं वजन टाकलं तेव्हा कुठे दहा वड्या पडल्या. वड्या सुंदर होत्या, एकदम सरळ. टाळ्याबिळ्या झाल्या.

मग मावशी म्हणाली, "छान आहे रे. पण हे ठेवायचं कुठे?"

टेबल पाहिजे होतं. तिच्या घरी असं टेबल नाही, आणि गटाच्या बायका कामाला बसतात त्या जमिनीवर. भाजी, पापड, निवडण-टिपण सगळं पाटावर बसून. मी यंत्र खाली ठेवलं. आता मावशीनं बसून दांडा दाबायचा म्हणजे खांद्याच्या उंचीवरून अठरा किलो. तिला जमेना. तिच्या दोन मैत्रिणींनी मिळून दाबलं तेव्हा चौकट तिरकी झाली आणि एक तार तुटून सटकन बाहेर आली. कोणाला लागलं नाही हे नशीब. दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो तर अॅल्युमिनियमचं चॅनल काळं पडलेलं. साबण अल्कधर्मी आणि अॅल्युमिनियमचं अल्कलीशी मुळीच पटत नाही. ओला साबण त्यावर तसाच राहिला होता. एका वडीवर काळी रेघ उमटलेली. मावशीनं ती वडी मला न सांगता बाजूला ठेवली होती, मला वाईट वाटू नये म्हणून. मला ती दिसलीच.

त्या दिवशी जेवायच्या आधी मावशी विळीवर कांदा चिरत होती. चिरता चिरता म्हणाली, "विळीसारखं नाही का करता येणार? पातं जाग्यावर राहतं, वस्तू आपण सरकवतो. तसं."

मी दोन मिनिटं गप्प बसलो. कारण ते बरोबर होतं.

आम्ही शिकलेले लोक अवजार म्हटलं की ते वस्तूवर चालवायचं असंच समजतो. सुरी वरून येते, करवत वरून येते, माझं यंत्रही वरून आलं. विळीचा विचार उलटा आहे. धार स्थिर, पायाखाली दाबलेली, आणि दोन्ही हात वस्तूवर मोकळे. बसणाऱ्या माणसासाठी ह्याच्याइतकं शहाणपणाचं अवजार नाही. आणि मी ते लहानपणापासून रोज बघत होतो!

पुढचं यंत्र कर्जतच्या सुतारकाकांकडे झालं. खर्च माझ्या पहिल्या यंत्राच्या चौथाईसुद्धा नाही. सागाचा एक पाट, दीड फूट लांब. त्याच्या मधोमध एक उभी तार, नऊ-दहा सेंटिमीटरची. खाली पाटात अडकवलेली, वर स्टेनलेस स्टीलच्या जाड पट्टीच्या कमानीला आय बोल्ट आणि विंग नट, म्हणजे हाताच्या दोन बोटांनी ताण देता येतो. पाटावर मागेपुढे सरकणारी एक फळी, तिला तारेपुरती खाच. लादी फळीवर आडवी ठेवायची, टोक ठोकळ्याला टेकवायचं आणि फळी दोन्ही हातांनी पुढे ढकलायची. ठोकळा तारेपासून बरोबर २५ मिलिमीटरवर. सुतारकाकांनी गुण्या लावून तार आणि फळी काटकोनात आहेत हे तीनदा तपासलं. मी एकदाच बघितलं असतं. एक मिलिमीटर चुकला तर वडीमागे पाच ग्रॅमचा फरक पडतो, हे त्यांना सांगितल्यावर म्हणाले, "मग ठोकळ्याला स्क्रू नको. लांबट भोक पाडून देतो. मावशी स्वतः सरकवून बघतील."

एक तार, दोन किलोचा जोर, तोही आडवा. पाटावर बसून, एक पाय पाटाच्या कडेवर दाबून मावशीनं पहिली लादी कापली. दहा वड्यांना चार मिनिटं. माझ्या नऊ तारांच्या यंत्राला दाबायला दहा सेकंद लागायची खरी, पण तारा लावायला एक तास आणि एक पेटीवाले काका लागायचे.

सुकल्यावर वजन केलं. सगळ्यात हलकी ११२, सगळ्यात जड ११८. म्हणजे वेष्टनावर ११० बिनधास्त छापता येईल. (बाजारातल्या साबणाच्या वेष्टनावर वजनापुढे 'पॅक करतेवेळी' असं बारीक अक्षरात का असतं ते आता कळलं ना? साबण सुकतच राहतो.) वडीमागे फुकट जाणारे २५ ग्रॅम पाचवर आले.

आता पुन्हा त्या मित्राच्या वाक्याकडे येतो. कर्जतच्या आसपास आता इतकी फार्महाउसं आणि रिसॉर्ट झाली आहेत की शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दीच गर्दी असते. त्या गर्दीला गावातल्या माणसाच्या हातचं काहीतरी हवं असतं, आणि ते थोडं ओबडधोबड असावं अशीही अपेक्षा असते. वाकडी वडी, तिला सुतळी, वर वाळलेलं फूल. मला ह्या आवडीचा राग येतो असं नाही, पण तिच्यात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, ती मला खटकते. आपण वापरतो ते सॉफ्टवेअर एक पिक्सेल इकडे-तिकडे झालं तर आपण बग टाकतो. आणि खालापूरच्या बाईनं केलेली वस्तू मात्र वाकडी असली तरच 'अस्सल'? १९१८ साली गोदरेजनी जनावराच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा 'चावी' साबण आणला. देशी माल आहे म्हणून वेडावाकडा चालवून घ्या, असं कोणी त्यांना सुचवलं असेल असं वाटत नाही. मग मावशीलाच का सुचवायचं?

उलट बाजूनंही एक मुद्दा निघतो, तो नाकारत नाही. दुसरा एक मित्र म्हणाला, मग मशीनच घ्या ना, एकसारख्या वड्या पाहिजेत तर. त्याला मी सांगितलं की साबण हातानंच होतोय. तेल मावशी निवडते, घट्ट व्हायला लागलं हे ती ढवळताना हाताला ओळखते, कधी कापायचं हे बोटानं दाबून ठरवते. मे महिन्यात लादी सकाळची संध्याकाळी कापायला तयार असते. जुलैत, तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या आमच्या भागात, तीच लादी दोन दिवस मऊ राहते, आणि कापल्यावरही वड्यांना घाम फुटतो (साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं). हे कुठलंही यंत्र तिला सांगत नाही. तार फक्त एक काम करते, तिच्या मनात असलेली सरळ रेघ साबणात उतरवते. हाताचं कसब आणि हाताची चूक ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली दुसरी काढून घेतली म्हणून पहिली कमी होत नाही.

दोन सूचना, कोणी करायला घेतलंच तर. गिटारची साधी पोलादी तार गंजते, आणि गंज साबणाला लागला की तिथे तेल लवकर खवट होऊन नारिंगी डाग पडतात. म्हणून काम झाल्यावर तार ओल्या फडक्यानं, मग कोरड्या फडक्यानं पुसा. आणि कापायच्या आधी तिला टिचकी मारून बघा, आवाज उतरला असेल तर विंग नट अर्धा फेरा.

जुनं यंत्र माझ्या खोलीत कपाटावर आहे. आई दर आठवड्याला विचारते, हे भंगारात देऊ का. अजून दिलेलं नाही.

गेल्या शनिवारी मावशीचा फोन आला. तार तुटली होती. म्हटलं, उद्या येतो. म्हणाली, "कशाला? तू दिलेली दुसरी लावली मी. आवाज तसाच येतोय." मग जरा थांबून म्हणाली, "धुण्याच्या साबणाची वडी मोठी लागते रे. ठोकळा चाळीसपर्यंत मागे जात नाही. सुतारकाकांना ते भोक अजून लांब करायला सांगशील?"

रविवारी सकाळी पाट घेऊन सुतारकाकांकडे जायचं आहे.